ज्या खान्यात काही घालायचं नसतं

रक्तातल्या पांढऱ्या पेशींना चेतवून बघणं हे माझं रोजचं काम. रक्त घ्यायचं, त्यातल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट वेगळ्या करायच्या, प्लास्टिकच्या प्लेटमधल्या इवल्या खान्यांत त्या वाटायच्या, काही खान्यांत त्यांना चेतवणारा पदार्थ घालायचा, काहींत नाही, आणि प्लेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून वाट बघायची. नव्याने आलेल्या मुलामुलींचं लक्ष चेतवलेल्या खान्यांकडे जातं, आणि तिथं जे घडतं ते बघण्यासारखं असतंच. माझी नजर मात्र आता दुसऱ्याच रांगेवर आधी जाते. त्या रांगेत पेशी आणि त्यांचा खुराक यांखेरीज काहीही घालायचं नसतं. भोपाळमध्ये या रांगेइतकं अवघड दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

चेतवण्याची गोष्ट १९६० सालची. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होते. तांबड्या पेशी एकत्र गोळा करून बाजूला काढायला तेव्हा राजम्यातून काढलेलं एक प्रथिन वापरत. त्याचं नाव फायटोहिमॅग्लुटिनिन, आम्ही सगळे त्याला पीएचए म्हणतो. ते घातलेल्या रक्तातल्या साध्यासुध्या लिम्फोसाइट विभागायला लागतात, हे नॉवेल यांच्या लक्षात आलं. तोवर समज असा होता की या पेशींची वाढ संपलेली आहे, त्या आता फक्त मरायच्या बाकी आहेत. राजम्याच्या अर्काने तो समज मोडला. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी जिवंत आणि कामाच्या आहेत ना हे तपासायला हाच अर्क हाताशी असतो.

पीएचए पडल्यावर पहिल्या काही तासांतच टी पेशीच्या अंगावर सीडी-६९ नावाची खूण उमटते. एक-दोन दिवसांत सीडी-२५ दिसू लागते, इंटरल्युकिन-२ स्रवू लागतं. जेमतेम सात मायक्रॉनची, जवळपास सगळी केंद्रकानेच भरलेली पेशी फुगते, तिच्यात जागा होते, पेशी एकमेकींना बिलगून पुंजके करतात. तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली खाना ओळखूही येत नाही. जिवाणूंच्या कवचातलं एलपीएस घातलं तर गोष्ट निराळी होते. मग मोनोसाइट आधी उठतात आणि टीएनएफ नावाच्या प्रथिनाचा लोंढा काही तासांतच बाहेर येतो.

या सगळ्याच्या आधी हाताचं काम असतं. हेपरिनमधलं रक्त तितक्याच सलाइनमध्ये पातळ करायचं आणि फिकॉल नावाच्या द्रवावर चढवायचं. फिकॉलची घनता १.०७७, म्हणजे लिम्फोसाइटपेक्षा जरा जास्त आणि तांबड्या पेशींपेक्षा कमी. नळी तिरकी धरायची, पिपेटचं टोक काचेला टेकवायचं आणि रक्त भिंतीवरून इतकं सावकाश सोडायचं की दोन थरांमधली रेघ कुठेही मोडू नये. अंगठ्यावरचा दाब मध्येच बदलला तर ती रेघ विस्कटते आणि मग पुढचं काहीच नीट होत नाही. अर्धा तास सेंट्रिफ्यूज, ब्रेक बंद. मशीन आपसूक थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. बाहेर काढलं की तळाला तांबड्या पेशी, वर पिवळा प्लाझ्मा आणि मधोमध तांदळाच्या पातळ पेजेसारखं एक धूसर कडं. आम्ही त्याला रिंग म्हणतो. एक मिलिलिटर रक्तातून साधारण दहा लाख पेशी मिळतात, त्या सगळ्या या कड्यातल्या. ते पिपेटने गोल फिरवत उचलायचं. फार खोल गेलं तर फिकॉल येतं, फार वर राहिलं तर प्लेटलेट येतात.

आता न चेतवलेल्या खान्याबद्दल. टीबीसाठी गोल्ड नावाची रक्ततपासणी अनेकांनी केलेली असते. तिच्यात टीबीच्या प्रथिनांच्या नळ्यांबरोबर एक नळी चेतवणाऱ्या पदार्थाची आणि एक नळी निव्वळ रिकामी असते. रुग्णाला शेवटी 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' एवढंच कळतं. पण त्या रिकाम्या नळीतल्या पेशी आपणहून किती बोलतात हे वजा केल्याशिवाय बाकीच्या नळ्यांना काही अर्थ नसतो. ती नळीच जास्त बोलली, तर यंत्राला उत्तर देता येत नाही.

पेशी आपणहून बोलायला लागण्याची कारणं अनेक. पाण्यात एलपीएसचा अंश राहिला तरी पुरतो. खुराकात घालतो ते वासराचं सीरम एका लॉटचं शांत असतं आणि पुढच्या लॉटचं नसतं, म्हणून चांगला लॉट सापडला की आम्ही तो साठवून ठेवतो. रक्त रात्रभर पडून राहिलं की रिंगमध्ये नको त्या पेशी उतरतात. आठवड्यापूर्वी आलेला ताप, नुकतीच घेतलेली लस, रात्रपाळी, सगळं त्या खान्यात दिसतं. शरीरातलं कॉर्टिसॉल दिवसभर खालीवर होतं आणि त्याबरोबर रक्तातल्या लिम्फोसाइटची संख्याही, म्हणून सगळ्यांचं रक्त आम्ही सकाळच्या एकाच वेळेला घेतो. मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा नळ्या आणायचा डबा ही मोठी चिंता होते. बर्फात ठेवलं तर फिकॉलवर पेशी नीट सुटत नाहीत, उन्हात राहिलं तर त्या मरतात.

हा हिशेब चुकला की काय होतं ते आकड्यांत सांगते. पूर्वी पेशींना किरणोत्सारी थायमिडीन पाजत आणि विभागताना त्यांनी किती उचललं ते मोजत. मग चेतवलेल्या खान्याचा आकडा भागिले न चेतवलेल्याचा, हा निर्देशांक. समजा, एकाच्या शांत पेशींचा आकडा ५०० आणि चेतवल्यावर ५०,०००, म्हणजे निर्देशांक १००. दुसऱ्याच्या पेशी चेतवल्यावर तेवढ्याच, ५०,०००, पण त्या न चेतवताच ५,००० वर होत्या. निर्देशांक १०. कागदावर दुसऱ्याची प्रतिकारशक्ती दहापट दुबळी दिसते. खरं तर ती दुबळी नाही, ती आधीपासूनच जागी आहे. या दोन निष्कर्षांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि ते सगळं त्या एका खान्यात आहे. म्हणून मी मुलांना भागाकारासोबत दोन्ही मूळ आकडे लिहायला लावते. त्याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

भोपाळच्या रक्ताला हा प्रश्न पहिल्यापासून चिकटला आहे. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. ५ लाखांहून जास्त माणसं त्याच्या कचाट्यात सापडली. फुप्फुसं आणि डोळे यांचे हाल सगळ्यांना दिसत होते. रक्ताकडे बघायला हवं हे सुचलेल्यांत परळच्या कर्करोग संशोधन संस्थेतली माणसं होती. माधव देव, सुधा गांगल, भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुग्रस्तांच्या रक्ताची प्रतिकारशक्तीच्या आणि गुणसूत्रांच्या अंगाने तपासणी केली आणि ती १९८७ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आली. ही मंडळी कुष्ठरोगाच्या लसीवर काम करणाऱ्या संस्थेतली. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात रुग्णाच्या पेशी इतर चिथावणीला उठतात, पण नेमक्या कुष्ठजंतूला उत्तर देत नाहीत. तेव्हा पेशी गप्प का आहे हा प्रश्न परळला नवा नव्हता. गांगलबाईंचं पाठ्यपुस्तक आमच्या कपाटात आहे आणि नव्या मुलाच्या हातात मी आधी तेच देते.

पुढे भोपाळमध्येच, भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलच्या संशोधन विभागात, प्रद्युम्नकुमार मिश्रा आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने सुरुवात केली. मिथाइल आयसोसायनेट पाण्यात टिकत नाही, खुराकात पडताच त्याचं विघटन सुरू होतं. म्हणून त्याच्यासारखं वागणारं दुसरं रसायन त्यांनी माणसाच्या लिम्फोसाइटवर टाकलं आणि डीएनएची मोडतोड, पेशींचा मृत्यू, दाह हे सगळं प्लेटमध्ये दाखवलं. ते २००८ साल. २००९ साली त्यांनी त्या रात्री आईच्या पोटात असलेल्यांचं रक्त तपासून लिहिलं, की दोन दशकांनंतरही त्यांची प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा जास्त चेतलेली आहे. हा निबंध वाचला तेव्हा मला आधी आठवली ती न चेतवलेली रांग. या लोकांच्या बाबतीत तिला शांत म्हणायचं कसं?

आणि तुलना कुणाशी करायची? आमच्याकडे निरोगी म्हणून रक्त द्यायला येणारे बरेचजण तुलसी नगरचे. सेकंड स्टॉपजवळची ही सरकारी क्वार्टरांची वस्ती, छोट्या तलावाच्या दक्षिणेला, तर कारखाना शहराच्या उत्तर टोकाला. तेव्हाच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वायुग्रस्त ठरले होते आणि गंभीर पट्टा कारखान्याच्या अवतीभवती, जुन्या शहरात आणि स्टेशनकडे होता. तुलसी नगरचा पत्ता बघून कुणीही 'वायू न लागलेला' असा शिक्का मारील. पण इथली झाडं जुनी, माणसं बदलती. त्या झाडांसाठी २०२४ च्या जूनमध्ये लोक रस्त्यावर उतरले, नव्या बंगल्यांचा बेत मागे घ्यावा लागला. घरात राहणारा मात्र बदलीबरोबर, निवृत्तीबरोबर निघून जातो आणि त्याच्या जागी शहराच्या भलत्याच भागातला कुणीतरी येतो. म्हणून आमच्या फॉर्मवर पत्त्याखाली आणखी प्रश्न आहेत. तुम्ही त्या रात्री कुठे होतात, आणि जन्म १९८५ चा असेल तर आई कुठे होती.

एकदा तुलसी नगरचाच, चाळिशीला टेकलेला एक मराठी गृहस्थ आईला घेऊन आला होता. तिची शुगर तपासायची होती, जाताजाता तोही रक्त देणार होता. मी फॉर्म भरत होते.

"काकू, हा पोटात होता तेव्हा, चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात, तुम्ही इथंच होतात?"

"घर इथंच. पण मला तिसरा महिना लागला होता, उलट्यांनी अन्न टिकेना. म्हणून आईनं माहेरी नेलं होतं."

"माहेर कुठलं?"

"रेल्वे कॉलनी. बाबा रेल्वेत होते ना. पहाटे डोळे उघडेनात माझे."

मुलगा चमकला. "आई, माझं नाव आहे का गॅसच्या कागदांवर कुठं?"

"तुझं कसं असेल? तू जन्मलाच नव्हतास."

त्याच्या नळीवर आम्ही वेगळी खूण घातली. तो पत्त्यावरून निरोगी गटातला, आईच्या सांगण्यावरून दुसऱ्या गटातला, आणि कागद म्हणायचे तर कुठल्याच नाही. पहिल्या खेपेला माहेरी जाणं, दिवस जड गेले की आईकडे जाऊन राहणं हे आपल्याकडे घरोघरी चालतं. नकाशावर वॉर्डांच्या सीमा आखताना त्याचा विचार कोण करणार? अशी किती माणसं दोन्ही बाजूंच्या आकड्यांत मिसळून गेली असतील, याचा विचार मनातून जात नाही. ज्यांना आपण निरोगी म्हणून शेजारी ठेवतो त्यांच्याच पेशी आतून जाग्या असतील, तर वायुग्रस्तांमधला फरक आपोआप लहान दिसतो आणि नुकसान झालंच नाही असं म्हणायला कुणालाही वाव मिळतो.

ही पिढी आता चाळिशीत आहे. वय वाढतं तसा शरीरातला मंद दाह एरवीही वाढत जातो. पन्नाशी-साठीत गेलेल्या माणसाच्या न चेतवलेल्या खान्यात वयाचा वाटा किती आणि त्या रात्रीचा किती, हे सोडवणं कठीण होणार. म्हणून त्यांच्या पेशी आत्ताच घ्यायला हव्यात. दहा टक्के डीएमएसओ घालून, मिनिटाला एक अंश अशा धिम्या गतीने थंड करून, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवल्या तर त्या वर्षानुवर्षं टिकतात आणि उद्याच्या अधिक बारीक तपासण्यांना उत्तर देऊ शकतात. सोबत त्याच वयाच्या, जन्माआधीपासून खरोखरच भोपाळबाहेर असलेल्यांच्या पेशीही हव्यात, इंदूर, नागपूर, कुठल्याही. आणि प्रत्येक कुपीबरोबर आईचा जबाब हवा: कितवा महिना, कोणत्या घरात, खिडक्या उघड्या की बंद, पळाली तर कुठल्या दिशेला. त्या आया आता साठी-सत्तरीच्या पलीकडे आहेत. आमच्याकडे हे काम सुरू आहे, पण एका प्रयोगशाळेने उरकण्याजोगं ते नाही. भोपाळमधली प्रत्येक रक्तपेढी आणि प्रत्येक महाविद्यालय आपल्या फॉर्मवर तो एक प्रश्न वाढवू शकतं. त्याला एका ओळीइतकीच जागा लागते.