इकडील सर्व क्षेम

इंग्रजी लेखकांच्या आठवणींत एक प्रकरण हटकून येतं. आठ-नऊ वर्षांच्या पोराची ट्रंक भरली जाते आणि त्याला 'प्रेप स्कूल'मध्ये नेऊन सोडलं जातं. ईटन-हॅरो ही नावं आपल्या कानांवरून गेलेली असतात, पण तिथे प्रवेश तेराव्या वर्षी. त्याआधीची वर्षं तयारीची: लॅटिन, क्रिकेट, थंड पाण्याची आंघोळ आणि वेताची छडी. हिंदुस्थानात चाकरीला असलेल्या साहेबांच्या मुलांना तर हा रस्ता ठरलेलाच होता. जॉर्ज ऑर्वेल बिहारातल्या मोतिहारीत जन्मला, बाप सरकारच्या अफू खात्यात. 1911 साली, आठ वर्षांचा असताना, तो ईस्टबोर्नच्या सेंट सिप्रियन्स शाळेत दाखल झाला.

या शाळेवर पुढे त्यानं लिहिलेला निबंध वाचताना अंगावर काटा येतो. अंथरूण ओलं केलं म्हणून मार. लापशीच्या वाडग्यांच्या कडांखाली जुन्या लापशीचे आंबलेले थर. वर, तुझी फी आम्ही कमी केली आहे, ही आठवण वेळोवेळी. त्याच्या हयातीत हा निबंध छापलाच गेला नाही. बदनामीच्या खटल्याची धास्ती होती. 1952 मध्ये तो अमेरिकेत छापून आला, तोही शाळेचं नाव बदलून.

गंमत अशी, की त्या वयात त्यानं आईला लिहिलेली पत्रंही शिल्लक आहेत. वर्गातला नंबर, फुटबॉल, पोस्टाची तिकिटं. निबंधातला नरक या पत्रांत शोधूनही सापडत नाही. मग 'ऑर्वेलनं मागाहून तिखटमीठ लावलं' म्हणणारे निघाले, आणि त्याच्या काही शाळासोबत्यांचंही तेच म्हणणं होतं.

मला हा वाद वरवरचा वाटतो. रोआल्ड डाल 1925 मध्ये नवव्या वर्षी अशाच एका शाळेत गेला. 'बॉय' या पुस्तकात त्यानं सांगून ठेवलंय, की दर रविवारी सकाळी सगळ्या मुलांना घरी पत्र लिहायला बसवत आणि मुख्याध्यापक बाकांमधून फिरत, खांद्यावरून डोकावत स्पेलिंगच्या चुका काढत. ते डोकावणं स्पेलिंगसाठी नव्हतं, हे मुलांना नीट कळत होतं. मुख्याध्यापक पाठीशी उभे असताना त्यांच्याच शाळेतल्या जेवणाबद्दल कोणता पोरगा तक्रार लिहील?

मी स्वतः पाचवीनंतर सैनिकी शाळेच्या वसतिगृहात गेलो. आमचाही पत्राचा वार रविवारच. अंतर्देशीय पत्र लिहायचं आणि न चिकटवता हाउसमास्तरांच्या टेबलावर ठेवायचं. मजकूर ठरलेला: ती. आई-बाबांना सा. न., मी मजेत आहे, चाचणीत इतके मार्क पडले, येताना चिवडा आणि बूटपॉलिश आणावं. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा दर पत्रात न चुकता लिही, 'मला भूक चांगली लागते.' मेसमधली त्याची अंडी आणि केळी एक सीनिअर उचलून नेई, हे आख्ख्या टेबलाला माहीत होतं. त्याची आई मात्र ते वाक्य वाचून सुखावत असणार. पोराला तिथलं मानवलं, असं शेजारीपाजारी सांगतही असेल.

पण सगळा दोष डोकावणाऱ्यांच्या माथी मारणंही खरं नाही. टेबलावर कुणी पत्रं तपासत नसतं, तरी आम्ही तेच लिहिलं असतं. आई रडेल, वडिलांनी ओळखीच्यांत मिरवलेलं वाया जाईल, ही काळजी दहाव्या वर्षीही कळते. आणि पत्रात लिहिलेली मजा खोटी नव्हती! संध्याकाळी मैदानात चिखल उडवत फुटबॉल खेळताना मी जितका खूश असे, तितका नंतर क्वचितच झालो. लाइट्स आउट झाल्यावर हुंदका दाबण्यासाठी पांघरूण तोंडात कोंबणारा पोरगाही मीच. रविवारची सकाळ ही मैदानाच्या बाजूची वेळ, रात्रीच्या बाजूची नव्हे. ऑर्वेलचं पत्रही खरं आणि निबंधही खरा, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

डालच्या आईनं त्याची सहाशेहून अधिक पत्रं हिरव्या फितीनं बांधून जपली होती. त्याला ती 1967 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर मिळाली.

आता पत्रं गेली. कितीतरी वसतिगृहांत आठवड्याचा फोन असतो. पोरगा बोलतो तेव्हा मागे रांग उभी असते आणि कडेला कुणी मोठं माणूस. सुविधा बदलली, डोकावणं तेच. तेव्हा ज्यांचा मुलगा हॉस्टेलात आहे त्यांना एक विनंती. 'बरा आहेस ना, जेवलास ना' एवढं विचारून फोन ठेवू नका. त्याचं उत्तर त्याला पाठ असतं. जेवताना शेजारी कोण बसतं, रात्री दिवा कोण मालवतं, शेजारच्या खाटेवर कोण झोपतं, ते विचारा. आणि सुट्टीत तो घरी आला की पहिले दोन दिवस पाहुणे बोलावू नका.