निपाणीची उधारी

निपाणीचं कॉलेज निपाणीत नाही. देवचंद शहा यांच्या पुढाकाराने 1960 साली ते सुरू झालं, तोवर राज्य पुनर्रचनेत निपाणी मैसूर राज्यात जाऊन चार वर्षं झाली होती. कॉलेज उभं राहिलं गावाला लागून, पण हद्दीपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुननगरात. 1962 साली शिवाजी विद्यापीठ झालं आणि देवचंद कॉलेज त्याला जोडलं गेलं. आम्ही कर्नाटकात झोपायचो आणि महाराष्ट्रात शिकायचो. महाराष्ट्र ज्या 865 गावांवर आजही हक्क सांगतो, त्यांत निपाणी आहे आणि वेदगंगेच्या काठचं माझं गावही आहे. तो वाद कोर्टात आहे, तिथेच राहू दे. मला लिहायचंय ते निपाणीने आम्हां खेड्यांतल्या पोरांना कसं सांभाळलं, त्याबद्दल.

शिक्षणाचं गाव म्हटलं की आमच्या भागात लोक बेळगावचं नाव घेतात, आणि ते खरंच आहे. सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं, लिंगराज कॉलेज 1933चं, टिळकवाडीतलं राणी पार्वतीदेवी कॉलेज 1945चं. तिथे पु. ल. देशपांडे शिकवून गेले. इंदिरा संतांचं बरंचसं आयुष्य त्या शहराशी बांधलेलं. आता मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा मोठा परिसर आहे. पण मला विचाराल तर विद्यापीठ शहराबाहेर गेलं की पोरांचा गावाशी संबंध तुटतो. ज्या गल्लीत पोरगं राहतं, त्या गल्लीला त्याची परीक्षा कधी आहे हे ठाऊक असायला हवं. निपाणीत ते ठाऊक असायचं.

गाव तंबाखूचं. बसमधून उतरलं की पहिल्यांदा नाकात जायचा तो तंबाखूचा खाट. नव्या माणसाला ठसका लागायचा, जुन्याला कळायचंही नाही. इथला सगळा पैसा तंबाखू विकली गेली की यायचा, आणि तोवर सगळं गाव उधारीवर चालायचं. कॉलेजची फी मात्र जूनमध्ये. वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराने माझ्या नावाचं पान उघडलं ते वडलांना न बघता, नुसतं गावाचं नाव विचारून. “औंदा पीक कसं हाय?” एवढंच तो विचारायचा आणि वही पुढे सरकवायचा. पैशासाठी थांबायचं कसं, हे त्या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. माझ्यासारख्याचं बी. ए. त्या थांबण्यावर झालं.

जेवणाचा डबा गावाहून बसने यायचा. आई पहाटे भाकऱ्या थापून डबा पिशवीत घालायची आणि सकाळच्या गाडीला द्यायची. स्टँडवर डब्यांची रांग लागलेली असायची. कुणाच्या पिशवीवर शाईने नाव, कुणाच्या कडीला पत्र्याचा बिल्ला. आईला लिहिता येत नव्हतं. तिने डब्याच्या कडीला आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी बांधली होती. मी पोचायच्या आत गाडी परत फिरायची असेल तर कंडक्टर ती पिशवी पानवाल्याकडे ठेवून जायचा. कानडी बोलणारा माणूस, बदलीवर आलेला. आमचं बोलणं “डबा”, “बंतु” म्हणजे आला, “नाळे” म्हणजे उद्या, एवढ्यावर भागायचं. एकदा वेदगंगेला पूर आला आणि गाडी बंद झाली. चार दिवसांनी गाडी सुरू झाल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर खिडकीतून हात बाहेर काढून हिरव्या चिंधीची पिशवी मला दाखवली.

त्या चार दिवसांत मला आक्काने जेवू घातलं. आक्का म्हणजे जिच्या माडीवर मी राहत होतो ती. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. तोंडाला फडकं बांधून दिवसभर तंबाखू चाळायची. संध्याकाळी घरी आली की भांड्यांना हात लावायच्या आधी अंगणात लुगडं झाडायची, फडकं धुऊन तारेवर टाकायची, कोपरापर्यंत हात घासायची. तरी भाकरीला कधीकधी तो वास यायचाच. रात्री तिला खोकल्याची उबळ यायची, मला ती माडीवर ऐकू यायची. मी दिवा मालवला की ती खालून ओरडायची, “पोरा, वाच की! ईज काय तुझ्या एकट्यासाठी येती व्हय?” मी जागा असलो की खोकला ऐकणारं कुणीतरी आहे, हा धीर तिला वाटायचा, हे तिनेच नंतर सांगितलं. भाडं ती पाडव्यानंतर घ्यायची. आमच्या घरची तंबाखू तेव्हा विकली जायची, म्हणून.

हे सगळं नुसत्या चांगुलपणावर चाललं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. गावाचा पैसा अशाच बायांच्या छातीत गेलेल्या धुळीवर उभा होता, आणि आमच्या शिक्षणातही तो होता. हे आम्हाला वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त कळलं. गावात पिठाची गिरणी चालवणारे महादेव मोरे याच बायांच्या, ड्रायव्हर-क्लीनरांच्या कथा लिहीत होते. प्रा. सुभाष जोशी वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायांची संघटना बांधत होते. प्राध्यापक वखारीच्या दारात उभा राहतो, हे बघणं हाही आमच्या शिक्षणाचा भाग होता. 1925 साली डॉ. आंबेडकर इथल्या बहिष्कृत परिषदेला येऊन गेले होते, ही आठवण सांगणारी माणसं तेव्हा गल्लीत होती. आणि शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली, तेव्हापासून या मुलखाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : खेड्यातल्या पोराला शाळेआधी राहायला जागा आणि जेवायला भाकरी लागते.

1981च्या मार्च-एप्रिलात शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले. पुणे-बंगळूर रस्ता बंद. खेड्याखेड्यांतून भाकऱ्यांची गाठोडी येत होती आणि आम्ही पोरं ती पोचवत होतो. एका गाठोड्यात आक्काच्या भाकऱ्या होत्या. शेतकऱ्याला भाव मिळाला तर वखारीतल्या बाईची मजुरी वाढेलच असं नाही, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी तिने त्या दिल्या. पुढे गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. त्या वर्षीची परीक्षा मी कशी दिली ते मला आठवत नाही. माडीवरचा दिवा मालवायचा नाही असं आक्काने बजावलेलं मात्र आठवतं.

मी पास झालो, मास्तर झालो, निपाणीतच घर बांधलं. आक्काच्या छातीच्या औषधांचा खर्च पुढे मी केला. तो तिने घेतला, आढेवेढे न घेता. त्यात तिला कमीपणा वाटला नाही आणि मलाही मोठेपणा वाटला नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

डबे आता बसने येत नाहीत. पोरं मोटारसायकलवर येतात, परत जातात. पण मुलींना रोजचं येणं-जाणं अवघड पडतं, आणि रात्री उशिरा येणारी गाडी घरच्यांना नको असते. बाहेरच्या मुलींना खोली द्यायला लोक कचरतात, याचं मला वाईट वाटतं. खेड्यांतल्या पोरांना सांभाळायची रीत गावाने सोडू नये. गेल्या जूनपासून आमच्या माडीवर दोघी राहतात, एक भोजकडची आणि एक गडहिंग्लजची. आमच्या भागात आता तंबाखू कमी, ऊस जास्त. त्यामुळे भाडं उसाचं बिल निघाल्यावर द्यायचं, असं त्यांच्या वडलांशी ठरलं आहे.