होट्टलचे सिद्धेश्वर देवालय

देगलूर तालुक्यातील होट्टल हे आज एक लहान खेडे. ज्या कल्याणीच्या चालुक्यकुळावर बिल्हणाने ‘विक्रमांकदेवचरित’ रचिले, त्याच कुळाच्या राजवटीत येथे देवालये उभी राहिली. त्यांत सिद्धेश्वराचे मुख्य. भिंतींवरील सुरसुंदरी पाहता पाहता प्रदक्षिणा कधी संपते ते कळत नाही.

मला मात्र येथील शिलालेखांनी अडविले. जन्मभर संस्कृत शिकविलेला मी आपल्याच जिल्ह्यातील दगडापुढे निरक्षर ठरलो. लिपी जुनी कानडी! चालुक्यांच्या दरबारची भाषाच ती. १९६८ साली रित्ती व शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातील लेख ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, हे थोर उपकार.

शेजारी उभ्या वृद्धास विचारले, तर तो म्हणाला, “गुर्जी, देवाची अक्षरं हायती ती, आपल्याला कशी येतील?”