पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत

दुर्ग पाहावयास जाणारे लोक पुष्कळ. परंतु एका दुर्गाहून दुसऱ्या दुर्गाकडे पायीं जाणारे थोडे. वास्तविक इतिहासांतील कित्येक प्रसंग तटाच्या आंत न घडतां दोन गडांमधील वाटेवर घडले आहेत. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी वाट ही अशांपैकींच एक. तिच्यावरून पावनखिंडीपर्यंतचें सुमारें ५० किलोमीटरांचें अंतर आम्ही दोन कुटुंबांतील सात माणसें आषाढांत तीन दिवसांत चाललों. बरोबर दोन शाळकरी मुलें होतीं.

मूळ हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहराचा पन्हाळ्यास वेढा होता. आषाढी पौर्णिमेच्या रात्रीं, १२ जुलै रोजीं, शिवाजीमहाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले. शिवा काशीद महाराजांच्या वेषानें दुसऱ्या पालखींत बसून शत्रूच्या हातीं सांपडला, असें परंपरा सांगते. आणि घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे व बांदलांचे वीर धारातीर्थीं पडले. पुस्तकांत हें सारें दोन पानांत आटोपतें. पायांस मात्र तें इतक्या लौकर आटोपत नाहीं.

गड सोडल्यावर मसाईचें पठार लागतें. जांभ्या दगडाचा हा विस्तीर्ण सडा आषाढांत धुक्यानें भरून जातो. भर दुपारीं दहा पावलांपलीकडचें माणूस दिसेना, तेव्हां आमच्यांतील धाकट्या मुलानें विचारलें, "मग रात्रीं त्यांना वाट कोणीं दाखविली?" प्रश्न मार्मिक होता. पौर्णिमा खरी, पण आषाढाच्या आभाळांत चांदण्याचा भरंवसा काय? वीरांचीं नांवें आपणांस पाठ आहेत. परंतु ज्यांच्या पायांस ही वाट पाठ होती, त्यांचीं नांवें आपण कधीं विचारलींच नाहींत.

पठार उतरल्यावर खोतवाडी, करपेवाडी अशा वाड्या लागतात. भाताची लावणी चालली होती. खाचरांच्या निसरड्या बांधांवरून, ओढ्यांतून आणि गर्द झाडींतून वाट जाते. पायांस जळवा लागतात, आणि थांबलें कीं थंडी वाजते. रात्रीं एका घरीं आमचा मुक्काम होता. नाचणीची भाकरी वाढतां वाढतां आजीबाईंस आम्हीं सहज म्हटलें कीं, डांबरी रस्ता झाल्यामुळें जुनी वाट मोडत चालली, हें वाईट झालें. त्या हंसून म्हणाल्या, "दादा, तुमी दोन दिस चालतासा. आमी जलमभर चाललो. अडलेल्या बाईला डोलीत घालून न्यावं लागत हुतं. रस्ता आला, त्येचं भलं झालं."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वाट जपावी म्हणून वाडीनें रस्त्यावांचून राहावें, असें म्हणण्याचा अधिकार चार दिवसांच्या पाहुण्यांस नाहीं. परंतु रस्ता असला म्हणजे वाट नसावीच, असेंही नाहीं. तट ढांसळला तर त्याचे दगड तरी उरतात. न चाललेली वाट मात्र कांहीं पावसाळ्यांत झुडपांखालीं नाहींशी होते. २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे १२ दुर्ग मान्य केले, त्यांत पन्हाळा आहे. ही आनंदाची गोष्ट होय. पण ज्या वाटेमुळें पन्हाळ्याची ती रात्र अजरामर झाली, ती वाटही आपला वारसाच नव्हे काय?

तिसऱ्या दिवशीं पांढरपाण्यावरून आम्ही खिंडींत पोहोंचलों. दोहों बाजूंस काळे कडे आणि मधून कासारीचें पाणी. हेंच पाणी पुढें पंचगंगेस मिळून कोल्हापुरास जातें. मुलें तेथें बराच वेळ कांहीं न बोलतां उभीं होतीं. जवळच वाटेवर प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा खच पडला होता. जुलै महिन्यांत येथें मोठमोठ्या मोहिमा येतात; जयघोष करून माणसें परत जातात आणि कचरा वाडीच्या पदरीं राहतो.

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे. आपल्या मुलांस या वाटेनें अवश्य न्यावें. पण थोडक्या माणसांनीं जावें. वाटाड्या वाडींतलाच घ्यावा, जेवणाचा व मुक्कामाचा योग्य मोबदला द्यावा, आणि नेलेली प्रत्येक वस्तु परत आणावी. वाडीस वाटेपासून चार पैसे मिळूं लागले, तर झुडपें तोडून ती वाट मोकळी ठेवण्यास वाडींतलेच हात पुढें येतील.