उत्तर तपासणारा हवा

एआयवर चालणारे ॲप बनवायला आता फारसे काही लागत नाही, असे सांगणारे बरेच भेटतात. ते खोटेही बोलत नसतात. पायथनच्या दहा-पंधरा ओळी आणि एखाद्या कंपनीची एपीआय-की मिळाली, की मॉडेल मराठीतही बोलू लागते. खरी शिकवणी त्यानंतर सुरू होते आणि तिची जाहिरात कोणी करत नाही.

शिकायचेच तर मी सातबारा निवडला. गावाकडच्या नातलगांचे फोन मला बहुतेक त्याच कागदासाठी येतात. 'कंप्युटरवाल्या' माणसाला जमिनीतले सगळे कळते, असा त्यांचा का समज आहे कोण जाणे! गाव नमुना 7 हक्कांचा, नमुना 12 पिकांचा, फेरफार नमुना 6 मध्ये, हे कोणतेही मॉडेल घडाघडा सांगते. अडते ते पुढे.

कागदपत्रांच्या आधारे उत्तर देणाऱ्या ॲपमागे सहसा 'रॅग' ही पद्धत असते. 2020 च्या एका शोधनिबंधातून ती रूढ झाली. मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा आकड्यांच्या लांबलचक रांगेत बदलायचा आणि प्रश्नाला जवळचे तुकडे शोधून मॉडेलपुढे ठेवायचे. पण तुकडा तोडायचा कुठे? कायद्याच्या मराठीत नियमाचा निम्मा जीव 'परंतु'ने सुरू होणाऱ्या वाक्यात असतो. नियम एका तुकड्यात आणि 'परंतु' दुसऱ्यात गेला, की मॉडेल अर्धाच नियम छातीठोकपणे सांगते. भोगवटादार वर्ग 2 ची जमीन घेणाऱ्याला, हस्तांतरावर बंधने आहेत हे कळलेच नाही, तर त्याचे पैसे अडकलेच म्हणून समजा.

क्षेत्राचेही तसेच. उताऱ्यावरचे 1.05.50 म्हणजे एक हेक्टर, पाच आर, पन्नास चौरस मीटर. यंत्राने ते दीड हेक्टर वाचले, तर एकराहून जास्त जमीन हवेतून तयार होते. उत्तराची भाषा मात्र निर्दोष, नम्र आणि ठाम. कोडमध्ये चूक असली तर प्रोग्राम निदान अडतो तरी. इथे काहीच अडत नाही, लाल अक्षरात काही उमटत नाही.

(देवनागरीचा खर्च वेगळाच. 'क्षेत्र' ही डोळ्यांना दिसणारी दोन अक्षरे युनिकोडमध्ये सात चिन्हांची आणि यूटीएफ-8 मध्ये 21 बाइटची होतात. मॉडेल मजकुराचे टोकन पाडते तेव्हा मराठीचे तुकडे बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात आणि बिल टोकनवर येते.)

म्हणून मला हे कौशल्य निम्मे प्रोग्रामिंगचे आणि निम्मे परीक्षकाचे वाटते. प्रश्नांची यादी, प्रत्येकाचे बरोबर उत्तर आणि ॲपमध्ये काहीही बदलले की सगळे प्रश्न पुन्हा विचारणे: या कंटाळवाण्या कामाला 'इव्हॅल' असे रुबाबदार नाव आहे. अभ्यासक्रमांत त्याला शेवटचा तास मिळतो; खरे तर पहिला मिळायला हवा. साधने दर सहा महिन्यांनी बदलतात. चांगली प्रश्नावली नव्या मॉडेललाही तशीच लावता येते.

ती प्रश्नावली लिहिणार कोण? सातबाऱ्यासाठी निवृत्त तलाठी, औषधांसाठी जुन्या नर्सबाई, कर्जासाठी बँकेतला खडूस तपासनीस. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर लॅपटॉप उघडण्याआधी त्याच्याकडे जा आणि लोक नेमके कुठे फसतात ते विचारून लिहून घ्या. आणि तुम्ही स्वतःच तो तलाठी असाल, तर हे काम शिकायला वय झाले असे मुळीच समजू नका.