समरकंदचा रसदखाना

ताश्कंदहून सकाळच्या वेगवान गाडीत बसले की दोन-सव्वादोन तासांत समरकंद येते. उर्दू जाणणाऱ्या माणसाला हे शहर फार वेळ परके वाटत नाही. पाट्यांची लिपी वेगळी, पण कान लावून ऐकले की ओळखीचे शब्द सापडू लागतात. किताबला इथे ‘कितोब’ म्हणतात, आसमानला ‘ओस्मोन’, आणि तंदूरमधून निघालेल्या जाड गोल रोटीला ‘नोन’. वेधशाळेला उर्दूत रसदगाह म्हणतात, तर इथे ‘रसदखोना’. समरकंदला आलेल्याने तो रसदखाना पाहिल्याशिवाय परत जाऊ नये.

बहुतेक प्रवासी आधी रेगिस्तान चौकात जातात. तीन बाजूंना तीन भव्य मदरसे आहेत. समोर उभे राहिले की डाव्या हाताचा मदरसा सर्वांत जुना. तो १४१७ ते १४२० या काळात मिर्झा उलुग बेगने बांधला. त्याच्या उंच दर्शनी कमानीवर निळ्या फरशांचे तारे जडवलेले आहेत. बांधणाऱ्याचे मन कुठे गुंतले होते, ते या कमानीवरूनच कळते.

उलुग बेग हा तैमूरचा नातू. त्याचे खरे नाव मुहम्मद तरगाई. जन्म १३९४ चा. वडील शाहरुख यांनी १४०९ मध्ये समरकंदचा कारभार त्याच्या हाती दिला, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. आजोबांनी मुलूख जिंकले, नातवाला मात्र गणिताची ओढ होती. त्याने दूरदूरचे विद्वान जमवले. बुर्सा शहराकडून काझीजादा रूमी आले. काशानहून जमशीद अल-काशी आले. पायचे मूल्य सोळा दशांश स्थळांपर्यंत अचूक काढणारे ते हेच. या काशींनी समरकंदहून आपल्या वडिलांना लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. सुलतानाला कुरआनचा बराचसा भाग मुखोद्गत आहे आणि गणिताच्या चर्चेत तो स्वतः बरोबरीने भाग घेतो, असे ते वडिलांना कौतुकाने कळवतात.

रेगिस्तानपासून शहराच्या ईशान्येला एक टेकडी आहे. पायऱ्या चढून वर गेलो तर पहिल्या नजरेत निराशाच होते. मोठी इमारत कुठेच नाही. १४२० च्या दशकात इथे तीन मजली गोल वेधशाळा उभी राहिली होती. बाबरनेही आपल्या आठवणींत तिचा उल्लेख केला आहे. आता जमिनीवर तिच्या पायाची गोल खूण आहे आणि एक छोटे प्रवेशद्वार. आत डोकावले की खडकात कोरलेला खोल, अरुंद चर दिसतो. त्यात संगमरवराच्या दोन समांतर कडा वळण घेत खाली अंधारात उतरतात. त्या प्रचंड यंत्राचा जमिनीखालचा तेवढाच भाग शिल्लक आहे.

हे यंत्र म्हणजे काय, ते मुलांच्या कंपास पेटीवरून चटकन समजते. पेटीतल्या कोनमापकावर एक अंश जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. त्याचे साठ भाग करायला गेलो तर रेघा एकमेकींत मिसळतील. उलुग बेगच्या कमानीची त्रिज्या सुमारे ४० मीटर होती. म्हणजे एक अंश सुमारे ७० सेंटिमीटरचा आणि अंशाचा साठावा भाग एक सेंटिमीटरहून मोठा! कमान अचूक दक्षिणोत्तर बसवलेली होती. भर दुपारी वरच्या छिद्रातून सूर्याचा कवडसा कमानीवर पडायचा, आणि तो कुठे पडला त्यावरून सूर्याची उंची मोजली जायची. एका दिवसाच्या मोजणीने काही साधत नाही. वर्षानुवर्षे, ऋतूमागून ऋतू नोंदी ठेवाव्या लागतात.

त्या मेहनतीतून १४३७ च्या सुमारास ‘झीज-ए-सुलतानी’ हा ग्रंथ तयार झाला. त्यात १,०१८ ताऱ्यांची स्थाने आहेत. नक्षत्र वर्षाची लांबी त्यांनी ३६५ दिवस, ६ तास, १० मिनिटे आणि ८ सेकंद अशी काढली. आजच्या मोजणीशी फरक एका मिनिटापेक्षाही कमी आहे. दुर्बिणीतून आकाश पाहायला अजून पावणेदोनशे वर्षे अवकाश होता, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

यापुढची हकिगत मन विषण्ण करते. १४४७ मध्ये शाहरुख वारले आणि घराण्यात गादीसाठी भांडणे सुरू झाली. उलुग बेगचा स्वतःचा मुलगा अब्दुल लतीफ बापाविरुद्ध उठला. पराभूत बापाने गादी सोडली आणि हजला जायची परवानगी घेतली. त्याच प्रवासात, ऑक्टोबर १४४९ मध्ये, रमजानच्या महिन्यात, मुलाच्या माणसांनी त्याला ठार केले. मुलालाही राज्य लाभले नाही. वर्षभराच्या आत तोही मारला गेला. गूर-ए-अमीर मकबऱ्यात आजोबा तैमूरजवळ उलुग बेगची कबर आहे. १९४१ मध्ये ती उघडली, तेव्हा मानेच्या मणक्यावर वाराची खूण मिळाली. त्याला अंगावरच्या कपड्यांसह दफन केले होते, जसे शहिदाला करतात. तिथे फातिहा पढताना शब्द जड होतात.

वेधशाळा ओस पडली आणि हळूहळू जमीनदोस्त झाली. पुढे ती नेमकी कुठे होती, हेही लोक विसरले. १९०८ मध्ये व्याटकिन या रशियन संशोधकाला ती सापडली. कशावरून? एका जुन्या वक्फनाम्यावरून! जमिनीच्या हद्दी लिहिताना त्या दस्तऐवजात या जागेचा उल्लेख आला होता. व्याटकिनची कबर आज याच टेकडीवर आहे.

इमारत गेली, पण विद्या गेली नाही. अली कुश्जी नावाचा शागिर्द होता. कुश्जी म्हणजे शिकारी पक्षी सांभाळणारा. उस्तादाच्या हत्येनंतर तो समरकंद सोडून निघाला आणि अखेर इस्तंबूलला पोहोचला. तिथे आयासोफियाच्या मदरशात त्याने शिकवले. १६६५ मध्ये उलुग बेगची तारासूची ऑक्सफर्डमध्ये फारसी आणि लॅटिनमध्ये छापली गेली. आपल्या देशात राजा सवाई जयसिंगाने हीच झीज आधाराला घेऊन ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ तयार करवली. त्याच्या पदरी पंडितही होते आणि मौलवीही. जगन्नाथ सम्राट या पंडिताने नसीरुद्दीन तूसी यांच्या अरबी ग्रंथावरून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये षष्ठांश यंत्र आहे. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणारा सूर्याचा कवडसा कमानीवर पडतो. समरकंदचीच ती युक्ती.

आपल्या जलशांतून पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान नेहमी सांगितला जातो, आणि तो असायलाही हवा. पण ही वेधशाळा कुणा परक्याने लुटली नव्हती. घरचे भांडण आणि नंतरची बेपर्वाई तिला भोवली. तिची विद्या टिकली ती एका शागिर्दामुळे, नकला करणाऱ्या कातिबांमुळे आणि धर्म-भाषा न पाहता ती स्वीकारणाऱ्यांमुळे. तिची जागा सापडली ती कुणीतरी सांभाळलेल्या एका कागदामुळे.

समरकंदला जाणे प्रत्येकाला जमणार नाही. जयपूर जमू शकते. पुढच्या सुटीत मुलामुलींना तिथे न्या, दुपारी बाराच्या सुमारास न्या आणि तो कवडसा दाखवा. तेवढेही जमले नाही तर एखाद्या रात्री गच्चीवर चटई टाका आणि ध्रुवतारा ओळखायला शिकवा. मोहल्ल्यातील एखाद्या हुशार मुलीचे शिक्षण फीसाठी अडले असेल, तर ती फी भरा. मदरसे बांधणारे पुष्कळ झाले. अली कुश्जीसारखे शागिर्द मात्र घराघरांतून घडवावे लागतात.