मधले नाव

झिजलेले रोमन नाणे हाती आले की नवशिक्याची नजर प्रथम सर्वांत प्रसिद्ध नावाकडे जाते. कडेला ‘ऑगस्टस’ ही अक्षरे दिसली की ओळख पटली, असे त्याला वाटते. वस्तुतः तेथून ओळखीला आरंभही झालेला नसतो.

दक्षिण भारतात मिळणाऱ्या रोमन चांदीच्या नाण्यांत दोन नमुने विपुल आढळतात. एक सम्राट ऑगस्टसचा, दुसरा त्याचा वारस तिबेरियस (इ. स. १४ ते ३७) याचा. आमच्या तेलंगणात, नलगोंडा भागातील अक्कनपल्ली येथे सापडलेला दीड हजारांवर नाण्यांचा साठाही प्रामुख्याने या दोघांचाच. दोन्हींवर उजवीकडे पाहणारे, शिरावर पानांची माळ ल्यालेले मुख. दोन्ही लेखांत ‘सीझर’ आहे, ‘ऑगस्टस’ आहे आणि ‘दिवी’, म्हणजे ‘देवत्व पावलेल्याचा’, हा शब्दही आहे. जुन्या कागदावर नुसते ‘देशपांडे’ एवढेच वाचता आले, तर माणूस थोडाच सापडतो?

माणूस सापडतो तो वडिलांच्या नावावरून. ‘दिवी’नंतर लगेच ‘एफ’ (म्हणजे ‘फिलियस’, पुत्र) असेल, तर तो ज्युलियस सीझरचा पुत्र ऑगस्टस. मध्ये ‘ए व्ही जी’ ही अक्षरे आली, तर तो ऑगस्टसचा पुत्र तिबेरियस. गंमत अशी की दोघेही दत्तक! मागची बाजू साक्षीला असतेच. ढाली घेतलेले दोन युवक उभे असतील तर ऑगस्टस; आसनावर बसलेली एकटी स्त्री असेल तर तिबेरियस.

येथील एका जुन्या मराठी घराण्यातील वयोवृद्ध गृहस्थ घराण्याची वंशावळ सिद्ध करीत आहेत. देवघरातील पेटीत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असे एक नाणे ते मजकडे घेऊन आले. ते ऑगस्टसचेच असावे, अशी त्यांची मनोमन इच्छा. तिरप्या उजेडात नाणे हळूहळू फिरविले, तेव्हा ‘व्ही आय ए व्ही’ इतकीच अक्षरे उमटली. मागे आसनाचा एक पाय.

“चिंच लावून घासले तर आणखी काही दिसेल का हो?” त्यांनी विचारले.

“नको,” मी म्हणालो. “उरलेली अक्षरे केसाएवढी उंच आहेत. चकाकी येईल, पण तिबेरियसही जाईल.”

मग संपूर्ण लेख कागदावर उतरवून दिला. वाचलेली चार अक्षरे उघडी ठेवली, तर्काने भरलेली सर्व अक्षरे चौकोनी कंसात घातली. नाणकशास्त्राचा हा साधा दंडक आहे. दिसले ते कोणते आणि ताडले ते कोणते, हे पुढच्या वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

ते बराच वेळ त्या कंसांकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी पिशवीतून वंशावळीचा कागद काढला, माझी पेन्सिल मागून घेतली आणि मूळपुरुषाच्या पित्याच्या नावाभोवती एक चौकोनी कंस घातला.